शंभर फुटांवरचे दोन खिळे

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे. सहा इंची पोलादी पट्टी असे आणि तिच्यामागे खडूचे दोन तुकडे, एक पांढरा, एक तांबडा. पट्टी कशासाठीही बाहेर निघे. स्टेशनासमोरच्या हॉटेलात वडा पुढ्यात आला की ते आधी तो मोजत. मागच्या महिन्यापेक्षा पाव इंचानं लहान निघाला तर मालकाला हाक मारून तसं सांगत, "रिजेक्ट" म्हणत आणि मग तो चवीनं खात. मालकानं एकदा वैतागून विचारलं, की रिजेक्ट आहे तर खाता कशाला. ते म्हणाले, "माप रिजेक्ट आहे. चव पास आहे. दोन्ही वेगवेगळं लिहायचं."

मी त्यांच्याकडे पुढच्या खोलीत पाच वर्षं भाड्यानं राहिलो. ठाण्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचा मी वार्ताहर होतो आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा माझ्याकडे होता. त्यांचं घर यांपैकी कुठल्या गावात होतं ते लिहीत नाही. या हकिकतीतली बरीच माणसं अजून तिथंच राहतात. त्यांना सगळं गाव काका म्हणे, मीही काकाच म्हणत असे.

काका एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. यंत्रावरून आलेला सुटा भाग दोन गेजवर लावून बघायचा. एका गेजमधून तो गेलाच पाहिजे आणि दुसऱ्यातून जाता कामा नये. बसला तर पुढं, नाही बसला तर त्यावर तांबडा रंग. या रंगाचा एक नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. तांबडा रंग लागलेला भाग दुरुस्त करून परत आला, तर ज्यानं तो नापास केला त्यानंच तो पास करायचा नाही. दुसऱ्या तपासनिसानं करायचा. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "माणूस स्वतःच्या मताच्या प्रेमात असतो. म्हणून."

निवृत्तीनंतर त्यांनी तपासायला गाव घेतलं.

नगरपालिकेनं एखादं काम पूर्ण झाल्याचा फलक लावला, की दुसऱ्या दिवशी सकाळी काका सायकल घेऊन तिथं जात. सायकलवर बसत नसत, हातात धरून चालवत. पुढच्या चाकाच्या एका आऱ्याला त्यांनी पत्र्याची जीभ बसवली होती. चाकाचा एक फेरा झाला की ती चिमट्याला घासून टक् असा आवाज करी. चाकाचा घेर सात फूट दोन इंच. टक् किती झाले ते मोजायचं, गुणायचं आणि फलकावरच्या आकड्याशी ताडून बघायचं. जुळलं तर गटाराच्या कडेवर, दिव्याच्या खांबावर किंवा मोरीच्या कठड्यावर पांढऱ्या खडूनं बरोबरची खूण. नाही जुळलं तर तांबडी फुली. ठेकेदारांची माणसं ओल्या गोणपाटानं फुल्या पुसत. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा काढत. खडूंची वाण नव्हती, कारण काकू प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक एकदा घरी येऊन काकूंजवळ कुरकुरले, की काकांना आमच्या भागात फक्त तांबडा खडूच कसा सापडतो. काकू निवडत असलेल्या मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या, "पांढरा मी रोज देते हो. तसाच परत येतो."

काकू त्यांच्या छंदावर एरवी बरंच बोलत. आमच्या लग्नात यांनी अंतरपाटसुद्धा मोजला असता, भटजींनी घाई केली म्हणून राहिलं, हे वाक्य मी नव्या पाहुण्यासमोर प्रत्येक वेळी ऐकलं आहे. पण काकांच्या वह्यांना कव्हरं त्याच घालत आणि फुटांचे मीटर त्याच करून देत, कारण नगरपालिकेची कागदपत्रं मीटरमध्ये आणि काका अखेरपर्यंत फुटांत. मीही इथं फुटांतच लिहितो.

माझी पहिली नावानिशी छापलेली बातमी काकांमुळे झाली. जांभूळ गावाकडून येणाऱ्या पाण्यावर आमच्या वॉर्डात बारा सार्वजनिक नळ बसवल्याचं नगरपालिकेनं जाहीर केलं होतं. काकांना अकरा सापडले. बाराव्यासाठी ते तीन दिवस फिरले. तो एका पुढाऱ्याच्या परसात, पेरूच्या झाडाखाली निघाला. काकांनी मुख्याधिकाऱ्यांना दोन ओळींचं पत्र लिहिलं: बारावा नळ सापडला, तो अंगणात आहे; नळ बाहेर आणावा किंवा अंगण सार्वजनिक करावं. मी ते पत्र घेऊन उत्साहानं बातमी लिहायला बसलो, तेव्हा काका दारात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "मोजलंस की ऐकलंस?"

मी फक्त ऐकलं होतं. उठलो, बाराही नळ स्वतः पाहून आलो आणि मग लिहिलं. पुढची पाच वर्षं हा प्रश्न मला रोज भेटला. कुळगावात रस्ता खचला म्हणे, मोजलंस की ऐकलंस. शहाडला पूल होणार म्हणे, मोजलंस की ऐकलंस. वर्तमानपत्रात मी पुढं तीस वर्षं काढली. या धंद्यातलं जे थोडं मला येतं ते बहुतेक या प्रश्नातून आलेलं आहे. त्याबद्दल त्यांना मी कधी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी पट्टी काढली असती.

चाकाऐवजी ते टेप का वापरत नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. पोलादी टेप जास्त अचूक, हे त्यांनाही मान्य होतं. "टेपला दुसरं टोक असतं," ते म्हणाले. "ते धरायला माणूस लागतो." गावात त्यांना नमस्कार करणारे पुष्कळ होते. ठेकेदाराच्या देखत दुसरं टोक धरून उभं राहणारं कुणी नव्हतं. मीही कधी धरलं नाही. बातमीदारानं बाजू घेऊ नये, असं कारण मी स्वतःला देत असे.

काकांच्या घरात दसऱ्यापेक्षा आदला दिवस मोठा होता. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई, झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढा. काकांची पद्धत वेगळी होती. आधी हत्यार तपासायचं, ते पास झालं तरच हळदकुंकू. घरामागे जुन्या गोदामाची लांब भिंत होती. तिच्यात त्यांनी फार वर्षांपूर्वी कारखान्यातून टेप मागून आणून बरोबर शंभर फुटांवर दोन खिळे ठोकले होते. त्या दिवशी आंघोळ करून ते सायकल पहिल्या खिळ्याशी लावत आणि दुसऱ्या खिळ्यापर्यंत चालवत नेत. तेरावा टक् जिथं वाजे तिथं भिंतीवर दरवर्षीच्या खडूच्या खुणा होत्या, एकीवर एक, अंगठ्याएवढ्या जागेत. खूण जुळली की काकू ताट घेऊन पुढं येत. पट्टी, वजनकाटा, काकूंचं शिलाई मशीन, सगळ्यांची हीच परीक्षा.

ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे त्या वर्षी पावसाळ्याआधी गावाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. आमची नगरपालिका तेव्हा नवी होती आणि नकाशाही पहिलाच. नकाशात स्टेशनाकडून येणारा एक चाळीस फुटी रस्ता दाखवला होता आणि तो चौदा खोल्यांच्या एका चाळीला घासून जात होता. नकाशाप्रमाणे चाळीची पुढची भिंत रस्त्याच्या पलीकडच्या हद्दीपासून बत्तीस फुटांवर होती. म्हणजे चाळीचा पुढचा आठ फूट भाग रस्त्यात. खोल्या दहा फुटी होत्या.

चाळीत कोकणातली आणि घाटावरची माणसं राहत. कुणी उल्हासनगरच्या कारखान्यांत, कुणी रेल्वेच्या ठेक्यावर. पहिल्या खोलीत आक्का राहत, साताऱ्याकडच्या, नवऱ्यामागे बिस्किटाच्या कारखान्यात काम करून दोन मुली वाढवलेल्या. नोटीस घेऊन त्याच काकांकडे आल्या. काकांनी वही काढली. चार वर्षांपूर्वी पाण्याची लाईन टाकायचं चाललं होतं तेव्हा त्यांनी ती जागा मोजली होती. हद्दीच्या दगडापासून चाळीची भिंत साडेसहा फेरे आणि पाच इंच, म्हणजे सत्तेचाळीस फूट. नंतर पलीकडच्या मोकळ्या जागेत एका बिल्डरचं काम सुरू झालं. त्यानं कंपाउंडची भिंत पंधरा फूट पुढं, रस्त्याच्या जागेत घातली आणि हद्दीचा दगड भिंतीच्या आत गेला. नकाशा काढणाऱ्यानं दगड शोधला नाही, भिंत हीच हद्द धरली. दगडापासून मोजलं तर चाळीस फुटांचा रस्ता चाळीला हात न लावता जात होता.

काकांनी चौदा कुटुंबांच्या वतीनं हरकत दाखल केली. समितीपुढं सुनावणी दिवाळीनंतर होती. भिंतीच्या आत कुणाला सोडत नव्हते. त्यामुळे हरकतीला आधार एकच, काकांच्या वहीतली ती ओळ. आणि ती ओळ चाकानं लिहिलेली.

श्रावणात काकांच्या सायकलचा पुढचा टायर फाटला. उल्हासनगरात कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडे ते वर्षानुवर्षं जात. त्या दिवशी मी सोबत होतो. दुकानदार म्हणाला, "साईं, ये थोडा जाडा आहे. लेकिन घिसेगा नहीं. तुमच्या नातवाला पण चालेल." काकांना नातू नव्हता, पण टायर आवडला. घरी येऊन त्यांनी वहीत नोंद केली: पुढचा टायर नवा. तारीख घातली.

गणपतीच्या सुमारास नगरपालिकेनं एका गटाराचं काम पूर्ण झाल्याचा फलक लावला. चौदाशे फूट. काकांना एकशे एक्याण्णव टक् मिळाले. हिशेब करून गटार एकतीस फूट कमी भरलं. त्यांनी तांबडी फुली काढली आणि मी बातमी लिहिली. गटार कमी, मोजमापाच्या पुस्तकात मात्र पूर्ण. त्या पुस्तकावर सही एका तरुण ओव्हरसियरची होती. डिप्लोमा करून लागलेला, हंगामी, शहाडला बहिणीकडे राहणारा. सभेत गोंधळ झाला आणि आठ दिवसांत त्याला घरी बसवलं. ठेकेदाराला काही झालं नाही. मी दुसरी बातमी केली, ओव्हरसियरला काढल्याची. दैनिकाच्या भाषेत तो बातमीचा परिणाम होता. माझी पाठ थोपटली गेली.

खंडेनवमीच्या सकाळी मी मागच्या ओट्यावर दाढी करत होतो. काका सायकल घेऊन भिंतीच्या कडेनं चालले होते. काकू ताट घेऊन नेहमीच्या जागी उभ्या होत्या. तेरावा टक् खडूच्या खुणांशी वाजला नाही. दोन फूट पुढं वाजला.

काका थांबले. सायकल मागं नेली आणि पुन्हा आले. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा गेले ते फार हळू, चाक घसरू न देता. मग पट्टी काढून खुणांपासून चाकापर्यंतचं अंतर मोजलं, सव्वीस इंच. तेरानं भागलं. प्रत्येक फेऱ्यामागं दोन इंच. चाकाचा घेर आता सात फूट चार इंच होता. त्यांनी तिथंच भिंतीवर खडूनं एकशे एक्याण्णवला नव्या घेरानं गुणलं. गटार चौदाशे फूट भरलं.

काकू ताट घेऊन पुढं आल्या तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं. तांबडा खडू काढला आणि सायकलच्या पुढच्या मडगार्डवर फुली मारली. सायकल भिंतीला टेकवून ते आत गेले. हळदकुंकवाचं ताट तसंच देवाजवळ परत गेलं.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. वहीचं पान उघडं होतं, टायर नवा, तारीख. "माझ्या अक्षरात आहे," ते म्हणाले. "टायर बदलला त्याच दिवशी खिळ्यांवर आणायला हवा होता. मी खंडेनवमीची वाट बघितली. वर्षातून एकदाच तपासायचं ही सवय होती, नियम नव्हता." वही मिटत म्हणाले, "आणि तू मला विचारायला हवं होतंस."

काय विचारायला हवं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. गटाराची बातमी मी मोजली नव्हती, ऐकली होती. काकांकडून ऐकली म्हणून ती मोजलेली समजलो होतो.

मुख्याधिकाऱ्यांना द्यायचं पत्र त्यांनी त्याच दिवशी लिहिलं. आपलं माप चुकलं, चूक टायरची नसून आपली आहे, गटार पूर्ण भरतं, ओव्हरसियरला कामावर घ्यावं. मी ते वाचलं आणि तीन आठवडे थांबा म्हटलं. सुनावणी होऊ दे. ज्या चाकाच्या मापावर चौदा घरं उभी आहेत, ते चाक चुकतं असं तुम्हीच लिहून देताय. वहीतलं माप चार वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा जुना टायर होता, तेव्हा ते बरोबरच आहे, हे तुम्हाला आणि मला कळतं. समितीला कोण समजावणार.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "तो पोरगा तीन आठवडे घरी बसेल," ते म्हणाले. "आणि माझं माप चुकलंय हे ठाऊक असताना मी समितीपुढं उभा राहिलो, तर मी कुठल्या गेजमधून जाईन?"

गोष्ट चाळीत पोचली. संध्याकाळी आक्का आल्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या, तसं त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "काका, तुमी देवमाणूस. पण ते पत्र दिवाळी झाल्यावर दिलं तर काय बिघडंल? तुमच्या खरेपणापायी आमची घरं जात्याल."

काका म्हणाले, "जातील कदाचित, आक्का." काकूंनी चहा ठेवला होता. आक्का तो न घेता गेल्या. पुढचे कित्येक दिवस चाळीतलं कुणी आमच्या दारावरून जाताना आत बघत नसे.

दसरा झाल्यावर कचेरी उघडली, तेव्हा काकांनी पत्र आवक टेबलावर दिलं आणि पोच घेतली. तिथून चालत स्टेशन गाठून ते शहाडला गेले. मला बरोबर नेलं. ओव्हरसियर बनियनवर बाहेर आला, आम्हाला ओळखून आत जाऊन शर्ट घालून आला. काकांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, टायर, सव्वीस इंच, भागाकार. तो खाली बघून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी टेपनं मोजलं होतं, काका. दोनदा. मला कुणी विचारलंच नाही."

हे तो काकांना म्हणाला, पण मी पत्रकार होतो आणि विचारणं हे माझं काम होतं.

दुरुस्ती छापायला कार्यालय तयार नव्हतं. नंतर आतल्या पानावर कुठंतरी, असं ठरत होतं. मी पहिल्यांदाच संपादकांशी वाद घातला आणि ती मूळ बातमीच्याच पानावर आली. काकांनी अंक समोर धरून पट्टी लावली. "बातमी सात इंच होती," ते म्हणाले. "दुरुस्ती सव्वादोन." मग पट्टी खिशात ठेवली. "पण छापलीस."

ओव्हरसियरला कामावर परत घेतलं, कुणी काही लिहून न देता, जणू तो रजेवर होता. काकांनी सायकलला हात लावला नाही. फुली असलेलं हत्यार वापरायचं नाही. बाजारात, वाचनालयात, सगळीकडे ते चालत जात.

सुनावणीला नगरपालिकेच्या सभागृहात पुढं समिती बसली होती. तिच्यात नगररचना खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी तज्ज्ञ म्हणून होते. चाळीची माणसं मागं भिंतीला टेकून उभी होती. बिल्डरच्या वकिलानं माझ्या दैनिकाचे दोन्ही अंक आणले होते. ज्या चाकानं गटार एकतीस फूट खाल्लं त्याच चाकाचं माप इथं ग्राह्य धरायचं का, असं त्यानं विचारलं. सभागृहात हसू झालं. आक्का हसल्या नाहीत.

काका म्हणाले, "धरू नका. टेप घेऊन जागेवर चला."

तज्ज्ञ सदस्यांनी काकांचं पत्र फाइलमधून मागवलं. वाचलं, मग उलटं करून आवक शिक्क्याची तारीख बघितली. मग सुनावणीची तारीख बघितली. "ही चूक तुम्हाला कुणी दाखवली?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. खंडेनवमीला हत्यारं तपासतो."

त्या सदस्यांनी पत्र फाइलमध्ये परत लावलं. मग त्यांनी लेखनिकाला सांगितलं, की आठवड्याभरात जागेवर संयुक्त मोजणी, समितीसमोर, कंपाउंडच्या आत जाऊन. वकील उठला. त्याला बसायला सांगण्यात आलं.

मोजणीच्या दिवशी नगरपालिकेनं टेप घेऊन त्याच ओव्हरसियरला पाठवलं. तो काकांवर राग काढेल या हिशेबानं मुद्दाम पाठवला, अशी चर्चा होती. हे ऐकलेलं आहे, मोजलेलं नाही.

कंपाउंडच्या आत बिल्डरचा मुकादम म्हणाला, इथं दगडबिगड काय नाय. काकांनी वही उघडली. जुन्या मोरीच्या पूर्वेच्या कोपऱ्यापासून दगड नऊ फेरे, म्हणजे साडेचौसष्ट फूट. ओव्हरसियरनं टेप सोडली. साडेचौसष्ट फूट विटांच्या एका रचलेल्या ढिगावर संपलं. समितीनं ढीग हलवायला सांगितला. मुकादम कुणाला तरी विचारून येतो म्हणून गेला तो आला नाही. विटा शेवटी चाळीतल्या माणसांनी उचलल्या. खाली चिखल, आणि चिखलात वीतभर खोल, वर छिन्नीची फुली असलेला काळा दगड.

आता दगडापासून चाळीपर्यंत मोजायचं, तर मध्ये कंपाउंडची भिंत. टेप वरून नेली तर झोल पडणार. तज्ज्ञ सदस्यांनी भिंतीतली एक वीट काढायला लावली आणि त्या भोकातून टेप पलीकडे गेली. शून्याचं टोक दगडावर धरायला ओव्हरसियरनं काकांकडे बघितलं. काका चिखलात गुडघ्यावर बसले आणि त्यांनी टोक दाबून धरलं. ओव्हरसियर पलीकडे चाळीच्या भिंतीशी गेला. तिथं चौदा घरांची माणसं त्याच्याभोवती उभी होती. आक्का सर्वांत जवळ. त्यांना टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

त्यानं टेप ताणली, नखानं खूण धरली. मला आजही माहीत आहे की त्या क्षणी तो काहीही म्हणू शकला असता.

"सत्तेचाळीस फूट, दोन इंच."

भिंतीच्या पलीकडून काकांचा आवाज आला. "परत बघ."

त्यानं परत बघितलं. "सत्तेचाळीस, दोन."

"मग माझ्या वहीत दोन इंच कमी आहेत," काका भिंतीपलीकडून म्हणाले. "पंचनाम्यात तसं लिहा."

ओव्हरसियर पहिल्यांदाच हसला. आक्का मात्र भिंतीशी खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून बसूनच राहिल्या.

अंतिम आराखड्यात रस्ता दगडापासून धरला गेला. बिल्डरची भिंत मागं सरकायला पुढं दोन वर्षं गेली, पण सरकली. चाळीच्या जागी आता त्याच कुटुंबांची तीन मजली सोसायटी आहे. समोरून रस्ता जातो. तो चाळीस फूट आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा मी आणि सोसायटीच्या सेक्रेटरी, आक्कांची धाकटी मुलगी, असं दोघांनी टेपनं मोजला. दुसरं टोक मी धरलं होतं.

संयुक्त मोजणीनंतरच्या रविवारी सकाळी ओव्हरसियर आमच्या घरी आला. काखेत टेप होती. आक्का आधीच आलेल्या होत्या, शिऱ्याचा डबा घेऊन. त्या दिवशी न घेतलेला चहा त्यांनी स्वतःच मागून घेतला होता. ओव्हरसियरनं काकांना विचारलं, सायकल कुठंय. तांबड्या फुलीचा नियम मीच त्याला सांगितला होता.

काका त्याला मागं घेऊन गेले. सायकल महिनाभर भिंतीला टेकलेली होती, मडगार्डवरची फुली जरा फिकी झाली होती. काका ती पहिल्या खिळ्याशी लावू लागले, तेव्हा ओव्हरसियर म्हणाला, "थांबा. आधी खिळे मोजू. ते कुणी तपासलेत?"

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं ते फक्त चांगल्या मापाकडे बघत. खिळे कुणीच तपासले नव्हते. दोघांनी टेप लावली, एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला तो. शंभर फूट भरलं. मग त्यानं सायकल स्वतः हातात घेतली आणि काकांना बाजूला उभं केलं. तीन वेळा तो त्या भिंतीच्या कडेनं गेला. मडगार्डच्या आतल्या बाजूला त्यानं नवा घेर लिहिला, सात फूट चार इंच. ओल्या फडक्यानं फुली पुसली आणि हात पुढं केला. काकांनी खिशातून पांढरा खडू काढून दिला.

काकू ताट घेऊन आल्या. दिवाळीसुद्धा होऊन गेली होती. त्यांनी मडगार्डला हळद लावली, कुंकू लावलं आणि काकांना म्हणाल्या, "आता तरी लावू देताय ना?" लावून झालं होतं.

तिसऱ्या वेळी ओव्हरसियर सायकल घेऊन गेला तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. पहिल्या खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत तेरा टक् झाले. ते मी ऐकले आहेत, आणि मोजलेही आहेत.